विजेची मोटार : शहराची की खेड्याची?

यंदा पावसाळ्याच्या आरंभी दहावीच्या वर्गात 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा आम्ही शिकवीत असता वसतिगृहातील एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, "सर, ही विजेवरची मोटार पुण्याच्या लोकांसाठीच आहे, की आमच्या वस्तीवरही चालेल?" वर्गात हशा पिकला. परंतु विचारणाऱ्याचा चेहरा हसण्याचा नव्हता. त्याचे वडील तालुक्याच्या गावापासून दहाबारा किलोमीटर दूर, शेतातच घर करून राहतात आणि खेड्यापाड्यांतील उतारू बाजाराच्या गावी पोहोचविणारी काळीपिवळी जीप चालवितात. डिझेलचा खर्च वजा जाता हाती जे उरते, त्यावर घर चालते व या मुलाची वसतिगृहाची फीही त्यातूनच भरली जाते. असा प्रश्न तासाच्या शेवटच्या दोन मिनिटांत उरकून टाकणे आम्हांस बरे वाटले नाही. सबब त्याचा विचार येथे थोड्या विस्ताराने करण्याचे योजिले आहे.

सर्वसाधारण समजूत अशी की, विजेची मोटार म्हणजे शहरातील सुखवस्तू माणसाचे वाहन. खेड्यात पेट्रोल-डिझेलला पर्याय नाही. ही समजूत शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिचा उगम अमेरिकेत सापडतो. सन १९०० च्या सुमारास त्या देशाच्या रस्त्यांवर ज्या मोटारी धावत, त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश विजेच्या होत्या, हे ऐकून आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस आश्चर्य वाटते. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८९९ साली, बेल्जमच्या कामिय जेनात्सी नामक गृहस्थाने विजेच्याच गाडीतून ताशी १०० किलोमीटरांची मर्यादा प्रथम ओलांडली होती. पेट्रोलची गाडी त्या काळी हाताने दांडा फिरवून सुरू करावी लागे. तो दांडा उलटला तर मनगट मोडे. शिवाय धूर व धडधडाट असे तो वेगळाच. विजेची गाडी मात्र कळ दाबताच निमूटपणे चालू लागे. मग ती मागे का पडली? फोर्डची 'मॉडेल टी' गाडी १९०८ साली निघाली आणि १९१२ पर्यंत तिची किंमत ६५० डॉलरांवर आली. विजेच्या गाडीस त्याच वेळी १७५० डॉलर पडत. त्याच १९१२ साली कॅडिलॅक गाडीत बॅटरीवर चालणारा स्टार्टर आला व दांडा फिरविण्याची यातायात संपली. विजेनेच विजेच्या गाडीचा घात केला म्हणावयाचे!

परंतु याहून मोठे एक कारण होते व आमच्या प्रश्नाशी त्याचाच संबंध अधिक आहे. अमेरिकेतील शेतकऱ्याच्या घरी वीजच नव्हती. १९३५ सालापर्यंतदेखील तेथील दर दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरी वीज पोहोचली होती. पेट्रोल डब्यात भरून दुकानातून घरी नेता येते. वीज डब्यात भरून कशी नेणार? तेव्हा खेड्याने विजेची मोटार नाकारली ती केवळ मोटारीच्या अंगच्या दोषामुळे नव्हे. दाराशी तार नव्हती म्हणून. आपल्याकडे आज बहुतेक दारांशी तार आलेली आहे. त्या तारेतून किती वेळ व किती दाबाने वीज येते, एवढाच प्रश्न उरतो. पण तो लहान नाही.

आपल्या देशात विजेची मोटार अगदी कालपरवाची नव्हे. बेंगळुरू येथे तयार झालेली 'रेवा' ही चिमुकली गाडी २००१ साली बाजारात आली. तिच्यात शिशाच्या जड बॅटऱ्या असत व एका भरण्यात ती सुमारे ऐंशी किलोमीटर जाई. पुढे लिथियमच्या बॅटऱ्या आल्या. २०२० साली टाटांची विजेची 'नेक्सॉन' निघाली, तिची बॅटरी सुमारे ३० युनिटांची होती. कागदोपत्री ती एका भरण्यात ३१२ किलोमीटर जाणार होती. चालविणारे लोक दोनशे, फार तर सव्वादोनशे सांगत. कागदावरचा आकडा प्रयोगशाळेत ठरतो व प्रयोगशाळेत खड्डे, उन्हाळा आणि मागील बाकावर बसलेली चार माणसे नसतात, हे ध्यानात ठेवावे.

आता 'युनिट' म्हणजे काय? एक हजार वॉट शक्तीचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते, हे तुम्ही पाठ केलेच आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिटांइतकी ऊर्जा साठलेली असते. पस्तीस लिटरांची टाकी म्हणजे तीनशेहून अधिक युनिटे आणि त्या पेट्रोलचे वजन अवघे सव्वीस किलो! विजेच्या गाडीतील तीस युनिटांची बॅटरी मात्र अडीचशे किलोंच्या आसपास भरते. पाहणाऱ्यास वाटावे की येथेच निकाल लागला. तथापि इंजिन पेट्रोलमधील ऊर्जेचा फार तर चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचविते, बाकीची उष्णतेच्या रूपाने वाया जाते. गाडीच्या झाकणावर हात ठेवून पाहा म्हणजे पटेल. विजेची मोटर दहा भागांपैकी साडेआठ-नऊ भाग उपयोगी लावते. म्हणून एका युनिटावर मध्यम आकाराची विजेची गाडी सुमारे सात किलोमीटर जाते. पेट्रोलची तेवढीच गाडी लिटरास पंधरा किलोमीटर गेली, तर तिला युनिटास दोन किलोमीटरसुद्धा पडत नाहीत.

घरातील पंधरा अँपियरचे सॉकेट, ज्यावर पाणी तापविण्याचा गीझर चालतो, ते २३० व्होल्ट दाबाने सुमारे साडेतीन हजार वॉट देऊ शकते. गाडीबरोबर मिळणारा चार्जर त्यातून ३.३ किलोवॉटच्या आसपास घेतो. तीस युनिटांची बॅटरी अगदी रिकामी झाली असेल, तर ती भरण्यास दहा तास लागतील. हे ऐकून लोक घाबरतात. पण रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्यास रोज सहाच युनिटे हवीत, आणि ती दोन तासांत भरतात. माणूस जशी दर रात्री झोप घेतो, महिन्याची झोप एकदाच घेत नाही, तशी ही गाडी दर रात्री थोडीथोडी भरावयाची असते. म्हणून विजेची मोटार घेऊ म्हणणाऱ्यास आम्ही प्रथम किंमत विचारीत नाही, वेग विचारीत नाही. गाडी रात्री कोठे उभी राहणार, एवढेच विचारतो.

या प्रश्नापुढे शहरातील माणूस पुष्कळदा निरुत्तर होतो. आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यात चौथ्या मजल्यावर राहतो. गाडी खाली, सामायिक जागेत. विजेचे मीटर जिन्याखाली. त्या दोहोंच्या मध्ये चाळीस पावलांचे अंतर व सोसायटीची सभा! तार आपल्या खर्चाने व आपल्याच मीटरवरून नेण्याची परवानगी मागण्यात त्याचे दीड वर्ष गेले. एकाने आगीची भीती घातली, दुसऱ्याने सामायिक भिंतीस भोक पाडण्यास हरकत घेतली, तिसऱ्याने मलाही उद्या गाडी घ्यावयाची आहे तेव्हा आधी मला द्या, असे म्हटले. केंद्र शासनाने २०१९ साली नमुना इमारत-नियमांत दुरुस्ती करून नव्या इमारतींतील वीस टक्के वाहनांच्या भरण्याची सोय असावी असे सुचविले खरे; परंतु जुन्या इमारतींत राहणारे लोक नव्यांहून कितीतरी अधिक आहेत. आणि जो रस्त्याच्या कडेला गाडी लावतो, मुंबईच्या चाळींत तर बहुतेक सर्वच, त्याने काय करावे? शहर विजेच्या गाडीस सर्वस्वी अनुकूल आहे हे म्हणणे रस्त्यापुरते खरे आहे. थांबत-थांबत चालणाऱ्या गर्दीत तिची मोटर थांबल्यावर काही खात नाही, हे मान्य. पण रस्ता अनुकूल असून ठाणबंद जागा नसेल तर उपयोग काय?

खेड्यातील घराचे उलट आहे. तेथे अंगण आपले, भिंत आपली, मीटरही आपलेच. आमच्या परिचयाचे एक डॉक्टर तालुक्याच्या गावाबाहेर मळ्यात राहतात. त्यांची विजेची गाडी गोठ्याच्या भिंतीवरील सॉकेटला रात्री जोडलेली असते व शेजारी म्हैस रवंथ करीत असते. त्यांस कोणाची परवानगी लागली नाही. अडचण आली ती निराळीच. गाडी आणली त्या रात्री चार्जरवर तांबडा दिवा लागला व गाडी भरेना. दुकानदाराने गाडी ठीक असल्याचे सांगितले, वायरमनने लाईन ठीक असल्याचे सांगितले. अखेर दोष सापडला तो अर्थिंगमध्ये. घर बांधताना पुरलेली पट्टी गंजून गेली होती आणि एप्रिलच्या उन्हाने भोवतालची माती कोरडी ठणठणीत पडली होती. चार्जर आधी जमिनीशी नीट जोड आहे की नाही ते तपासतो व नसल्यास वीज घेतच नाही. माणसाच्या जिवासाठीच ही व्यवस्था आहे. नवा खड्डा खणून, कोळसा व मीठ घालून, वर पाणी ओतल्यावर गाडी भरू लागली. डॉक्टर आता उन्हाळ्यात म्हशीबरोबर अर्थिंगच्या खड्ड्यालाही पाणी पाजतात! कित्येक घरांत तिसरी तार सॉकेटपर्यंत येते आणि पुढे कोठेच जात नाही, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. गाडी घ्यावयाची नसली तरी आपल्या घरचे अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्यावे.

दुसरी अडचण दाबाची. रोहित्रापासून घर जितके दूर, तितकी तार लांब व तितका तिचा रोध अधिक. समजा, तारेचा रोध एक ओहम आहे व गाडी पंधरा अँपियर धारा घेते. ओहमच्या नियमाने पंधरा व्होल्ट वाटेतच खर्च झाले आणि सव्वादोनशे वॉट तार तापविण्यात गेले. त्यातच संध्याकाळी साऱ्या गावाचे दिवे, टीव्ही, गिरणी चालू असते, तेव्हा २३० चे १८० व्होल्ट होण्यास वेळ लागत नाही. दाब उतरला की गाडी सावकाश भरते. फारच उतरला की चार्जर आपण होऊन थांबतो. गावठाणातील घरांस साधारणपणे दिवसरात्र वीज मिळते. पण शेतातील वस्तीवरचे घर पुष्कळदा शेतीपंपांच्या वाहिनीवर असते. त्या वाहिनीवर तीन फेजचा पुरवठा दिवसारात्रीतून आठ-दहा तासच असतो व उरलेल्या वेळी दिव्यापुरता एक फेज. गावठाण आणि वस्ती यांतील हा भेद शहरातील लेखकांच्या ध्यानात बहुधा येत नाही; त्यांच्या लेखी खेडे म्हणजे एकच.

येथे एक गोष्ट खेड्याच्या बाजूची सांगितली पाहिजे. नोकरदाराची गाडी दिवसा कचेरीच्या आवारात असते, शेतकऱ्याची पुष्कळ वेळा दारात असते. छपरावर दोन किलोवॉटच्या सौरपट्ट्या बसविल्या, तर आपल्या प्रदेशातील उन्हात दिवसाला सुमारे आठ युनिटे मिळतात. म्हणजे पन्नासएक किलोमीटरांची बेगमी. २०२४ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत अशा पट्ट्यांस साहाय्य ठेविले आहे. पत्र्याचे छप्पर मात्र त्यांचे वजन पेलण्याइतके मजबूत हवे.

घाट चढेल काय, हा आणखी एक नेहमीचा प्रश्न. खोपोलीहून लोणावळ्यास जाताना गाडी सुमारे ५५० मीटर उंच चढते. उतारूंसह गाडीचे वस्तुमान १६०० किलो धरा. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की सुमारे ८६ लाख ज्यूल येतात, त्यांची २.४ युनिटे होतात. मोटरमधील घट धरून २.८ म्हणा. घाटाने सपाटीवरचे वीस किलोमीटर खाल्ले, एवढाच त्याचा अर्थ. उतरताना मोटर जनित्राचे काम करते व यातला निम्माशिम्मा भाग बॅटरीत परत घालते. पेट्रोलची गाडी कितीही घाट उतरली तरी टाकीत एक थेंब परत पडत नाही. याच घाटात टाटांनी लोणावळ्याच्या तलावांतील पाणी नळांतून पाचशे मीटरांहून अधिक खाली सोडून १९१५ पासून खोपोलीस वीज निर्माण केली व मुंबईस पुरविली. पाणी जी उंची उतरून वीज देते, तीच उंची चढण्यास गाडी वीज घेते. स्थितिज ऊर्जेचा धडा शिकविण्यास याहून सुंदर जागा महाराष्ट्रात आम्हांस ठाऊक नाही.

लांबच्या प्रवासास वाटेत भरण्याची केंद्रे लागतात. तेथे दिष्ट धारा थेट बॅटरीत जाते व तासाभरात बरेचसे काम होते. ऐंशी टक्क्यांपुढे मात्र गती मंदावते. रिकाम्या वर्गात पहिली मुले धावत येऊन बसतात. शेवटच्या चौघांस जागा शोधीत फिरावे लागते, तसेच हे. पुण्याच्या महामार्गावर अशी केंद्रे आता भेटतात. आडवळणाच्या तालुक्यांत ती विरळा, आणि असले तरी बंद पडल्यास दुसरे जवळ नसते. ज्यास रात्री-अपरात्री आजारी माणसास घेऊन जिल्ह्याच्या गावी धावावे लागते, त्याची भीती आम्ही हसण्यावारी नेणार नाही. अशाने बॅटरी अर्धीच्या खाली जाऊ देऊ नये. पण पेट्रोलची टाकीही लोक तळाला लावूनच फिरतात!

पैशाचा हिशेब प्रत्येकाने आपापला करावा, रीत दाखवितो. महिन्यास हजार किलोमीटर फिरणाऱ्यास गळती धरून १६० युनिटे लागतील. घरगुती विजेचा दर वापराबरोबर चढतो, म्हणून युनिटास बारा रुपये धरू. १९२० रुपये झाले. पेट्रोल सुमारे ६७ लिटर, १०५ रुपयांप्रमाणे सात हजारांवर जाते. महिन्यास पाच हजार वाचले. विजेची गाडी तीन लाखांनी महाग पडली असेल, तर ती रक्कम पाच वर्षांत फिटते. पण जो शेतकरी महिन्यास तीनशेच किलोमीटर फिरतो, त्यास ती फिटण्यास सोळा-सतरा वर्षे लागतील. त्याने घाई करू नये. लाभ शहराला की खेड्याला, असे नसून जो अधिक फिरतो त्याला आहे.

धुराविषयी थोडे. आपल्या देशातील बरीचशी वीज अजून दगडी कोळशाची आहे. एका युनिटामागे सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वरच्या हजार किलोमीटरांस वाटेतील गळतीसह सव्वाशे-एकशेतीस किलो, तर पेट्रोलला दीडशेहून थोडा अधिक. फरक आहे, पण जाहिरातींत भासवितात तेवढा नाही. शिवाय पुण्याच्या चौकातला धूर नाहीसा होतो, तो चंद्रपूरला जातो. तेथील २९२० मेगावॉटच्या औष्णिक केंद्राची राख ज्यांच्या अंगणात पडते, त्यांस या गाडीचे स्वच्छपण कोणत्या शब्दांत सांगावे, हे आम्हांस अद्याप सुचलेले नाही. वीज जसजशी सूर्याची व वाऱ्याची होत जाईल तसतसा हा दोष कमी होईल, आणि तोही नवी गाडी न घेता. पेट्रोलच्या गाडीस ही सवलत नाही.

आता त्या जीपकडे वळू. ती दिवसास १२० किलोमीटर धावते व लिटरास बारा देते. दहा लिटर डिझेल, नव्वद रुपयांनी नऊशे रुपये. तशीच जड गाडी विजेवर युनिटास पाच किलोमीटर गेली, तर चोवीस युनिटे व गळती मिळून सुमारे सव्वातीनशे रुपये होतात. रोजचे पावणेसहाशे रुपये वाचणे म्हणजे त्या घरी काय, हे आम्ही सांगावयास नको. परंतु त्यांच्या ऐपतीत बसेल अशी, दहा उतारू नेणारी, खडीच्या रस्त्यास टिकणारी विजेची जीप आमच्या पाहण्यात नाही. विजेच्या गाडीचा सर्वांत अधिक लाभ ज्यास होईल, त्याच्या मापाची गाडी अजून कोणी केलेली नाही, असा हा विचित्र प्रकार आहे.

आम्ही हे त्या विद्यार्थ्यास सांगितले तेव्हा तो नाराज झाला नाही. दिवाळीच्या सुट्टीत सॉकेटमध्ये नुसता खोचला की आकडे दाखविणारा लहानसा व्होल्टमीटर त्याने शाळेतून मागून नेला आणि सुट्टी संपल्यावर वही आणून दाखविली. संध्याकाळी ७ वाजता १७८, रात्री ९ वाजता १९२, १० वाजता २१५, १ वाजता २२४. २ वाजता लाईट गेली, ४ वाजता आली. ६ पर्यंत ठीक. सहा तास चांगली वीज, वीस युनिटे. गळती वजा जाता अठरा. अठरा पंचे नव्वद किलोमीटर. त्याखाली लिहिले होते : "तीस किमी कमी पडतात. बाजारच्या गावी जीप दुपारी दोन तास उभी असते. स्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलात पंधरा अँपियरचे सॉकेट आहे का, ते वडिलांना विचारायचे आहे."